जुन्या कास्ट आयर्न बुलेटला नवे पार्ट टाकताना आधी काय, मग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात १९९२ सालची कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे. पॉइंटवाली (ठिणगी यांत्रिक स्विचने पडणारी), चार गिअरची, पुढे ड्रम ब्रेक. मोठा कार्बोरेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एलईडी आणि मोकळा सायलेन्सर टाकला तर ती पुणे–कोल्हापूर रस्त्यावर नव्वदने निवांत पळेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

पळेल. फक्त तुमच्या यादीचा क्रम बदलावा लागेल, आणि सायलेन्सर यादीतून काढून टाका. आधी तेल, मग ब्रेक, मग ठिणगी, मग पेट्रोल आणि सगळ्यात शेवटी स्प्रॉकेट (चेनचं दाती चाक), असं मी सांगेन. हा क्रम का, ते या इंजिनाच्या मापातच आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. १८ हॉर्सपॉवर मिळते ती मिनिटाला ५६२५ फेऱ्यांना. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर असतो, आणि ज्या बिग एंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकावर, हा सगळा मार बसतो तो मूळचा फ्लोटिंग बुशचा (मोकळ्या फिरणाऱ्या कड्याचा) आहे, रोलरचा नाही. वरून ताकद वाढवत गेलात तर आधी तळ सुटतो.

नव्वदला इंजिन किती फिरतं? प्रायमरीला (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनला) २५ आणि ५६ दाती, गिअरबॉक्सला १६ दाती आणि मागे ३८ दाती स्प्रॉकेट धरलं, तर टॉप गिअरला चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ५.३२ फेऱ्या होतात. १९ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर. म्हणजे नव्वदला सुमारे ४००० फेऱ्या. हे या इंजिनाला झेपतं, तासभरही झेपतं, पण तेल नीट पोचत असेल तरच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी तपासणी करा. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा आणि रॉकरकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बँजो बोल्ट, म्हणजे पोकळ बोल्ट, अर्धा आटा सैल करा. तेल पाझरलं पाहिजे. मात्र रॉकरला तेल आलं म्हणजे बिग एंडलाही पोचतंय असं समजू नका, त्याचा रस्ता वेगळा आहे. ते तेल फिल्टरमधून जाऊन टायमिंग कव्हरच्या आतल्या सीलमधून क्रँकच्या टोकात शिरतं. ते सील चपटं झालं असेल, किंवा मागच्या वेळी कव्हर काढताना पडून गेलं असेल, तर तेल बाहेरच्या बाहेर परततं आणि बुश कोरडा पडतो. टायमिंग कव्हर उघडलं की सील नवीनच टाकायचं. दहा-वीस रुपये वाचवायची ही जागा नव्हे. तेल २०डब्ल्यू५०, साधारण सव्वादोन लिटर.

गाडी महिनाभर उभी असेल तर तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर पातळी कमी दिसते, माणूस वरून तेल ओततो, आणि पहिल्या किकनंतर सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. अशा वेळी आधी खालचा ड्रेन बोल्ट काढून किती तेल उतरलंय ते पाहा, भर घालायची का ते नंतर ठरवा. आणि "बुलेट तेल गाळतेच" हे मान्य करू नका. पुष्कळदा ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला असतो. आतला दाब बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून तो प्रत्येक पॅकिंगमधून तेल ढकलतो. ब्रीदरच्या नळीला एकाच दिशेने उघडणारा चांगला रबरी व्हॉल्व्ह बसवला की अर्धी गळती थांबते. या गाडीवर करता येण्याजोगा हा सर्वांत स्वस्त बदल.

हेड-बोअर उघडायची वेळ आलीच, तर बोअर काढल्यावर कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा, क्रँक वरच्या टोकाला आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. आडवा थोडा खेळ असतो, तो चालतो. वर-खाली जरा जरी 'टक' जाणवलं तर बिग एंड गेला. मग नवा बुश टाकण्यापेक्षा रोलर बेअरिंगचा रॉड-पिन सेट बसवा. रोज नव्वदने चालवायची असेल तर खरा परफॉर्मन्स पार्ट हाच. पण क्रँक उघडून पिन बदलणं हे कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नाही. दोन्ही फ्लायव्हील जोडल्यावर क्रँक डायल गेजवर फिरवून रनआउट (फिरताना येणारा हेलकावा) ०.०५ मिमीच्या आत आणावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जिथे लेथवर रोज हेच हात चालतात, तिथे ते करून घ्या आणि गेज समोर फिरवून दाखवायला सांगा. बोअरिंग करतानाही आधी पिस्टन हातात घ्यायचा, त्याचं माप घ्यायचं आणि त्याप्रमाणे बोअर होन करायचा. 'चाळीस साइज' (मोठ्या पिस्टनचं ठरावीक माप) एवढ्या शब्दावर बोअर कापून ठेवला आणि नंतर पिस्टन शोधला, तर एकतर तो आवाज करतो नाहीतर चिकटतो.

आता ब्रेक. तुमच्या गाडीला पुढे जुना ६ इंची ड्रम असेल तर ७ इंची ट्विन लीडिंग शू ड्रम (दोन्ही शू आपापल्या लिव्हरने सारखेच दाबले जाणारा) हा सगळ्यात सोपा बदल. तो बसवूनही ब्रेक लागत नाही अशी तक्रार ऐकू येते, आणि कारण बहुतेक एकच असतं. बाहेर दोन लिव्हरना जोडणारी जी सळई आहे, तिची लांबी जमवलेली नसते. मग एकच शू ड्रमला टेकतो आणि दुसरा नुसता बघत राहतो. सळईचा लॉकनट सैल करा, चाक उचलून फिरवा, आधी एक लिव्हर हाताने दाबून शू नेमका कुठे घासतो ते पाहा, मग दुसरा, आणि दोन्ही एकाच क्षणी टेकतील अशी सळई लावा. लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. ती धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं.

डिस्क हवी असेल तर अर्धवट जुगाड करू नका. कंपनीच्याच नंतरच्या बुलेटला येणारी २८० मिमीची डिस्क घ्या, आणि तिच्यासोबत हब, कॅलिपरची जागा असलेला फोर्कचा खालचा पाय, ॲक्सल, मास्टर सिलिंडर आणि होज असा पूर्ण संच घ्या. जुन्या फोर्कवर पट्टी वेल्ड करून कॅलिपर टांगलेल्या गाड्या दिसतात. जोरात ब्रेक दाबल्यावर सगळा जोर त्या वेल्डवर येतो, आणि ती तुटली तर कॅलिपर स्पोकमध्ये जातो. हे कुणी सुचवलं तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणा. डिस्क लावताना स्टिअरिंग हेडचे बॉल-रेस काढून टेपर रोलर बेअरिंग बसवून घ्या, कारण पुढचा ब्रेक तगडा झाला की स्टिअरिंगचा खेळ लगेच हाताला जाणवतो.

इग्निशनमध्ये घाई नको. पॉइंट ही वाईट वस्तू नाही. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन सगळ्यात वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असेल तेव्हा पॉइंट उघडायला हवेत. सिगरेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, तो ज्या क्षणी अलगद सुटतो तो क्षण. तरीही पॉइंट झिजतात, कंडेन्सर आजकाल चांगले मिळत नाहीत, आणि ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या की घाटात इंजिन नॉकिंग करतं. इलेक्ट्रॉनिक सेटने हे तिन्ही त्रास जातात. मात्र तीन गोष्टी आधी बघा. पहिली, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे. जुन्या काही बुलेट पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि उलटं जोडलं तर सेट क्षणात जळतो. दुसरी, सेट स्वतः ॲडव्हान्स करतो का. करत असेल तर जुना यांत्रिक ॲडव्हान्स काढावा किंवा घट्ट बांधावा लागतो, नाहीतर ॲडव्हान्स दुप्पट होऊन किक पायावर उलटते. तिसरी, बॅटरी. पॉइंटवर अशक्त बॅटरी कशीबशी निभावून नेते, इलेक्ट्रॉनिक सेट नेत नाही.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. कास्केटवरच्या (हेडलाइटच्या घरावरच्या) ॲमीटरची सुई बघून किक मारायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. पॉइंट बंद असताना सुई मायनसकडे झुकते, हळूच किक दाबत नेली की पॉइंट उघडतात आणि सुई मधोमध येते. मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि मग किक. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक सेटमध्ये इंजिन थांबलेलं असताना कॉइलला करंटच जात नाही, त्यामुळे सुई काही सांगत नाही. पायाला कॉम्प्रेशन ओळखायला शिकवावं लागतं.

कार्बोरेटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हेडचं पोर्ट तसंच ठेवून २४ मिमीच्या जागी २८ बसवू नका. मोठ्या घशातून हवा संथ जाते, खालच्या फेऱ्यांना पेट्रोल नीट उडत नाही, आणि बुलेटची खरी मजा, म्हणजे दीड-दोन हजार फेऱ्यांवरची ओढ, तीच जाते. त्याऐवजी त्याच मापाचा नवा कार्बोरेटर घ्या. जुन्याची स्लाइड झिजून बाजूने हवा खेचत असते, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडलिंग बसत नाही ते त्यामुळेच. जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूवर) आकडा कोरलेला असतो, तो आधी लिहून ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या जेटवर गाडी थोडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते आणि लोखंडी बोअरमध्ये पिस्टन तापतो. मेन जेट एक पायरी मोठा टाका. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर थोडं पळवा, क्लच दाबून चावी बंद करा, बाजूला थांबा आणि प्लग काढून बघा. चिनीमाती फिकट तपकिरी हवी. पांढरीफटक असेल तर जेट आणखी वाढवा, काळी काजळी असेल तर कमी करा. पेट्रोलची नळी आणि फ्लोटची नीडल इथेनॉल चालणारी घ्या. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं.

एलईडी जरूर लावा, पण काही मॉडेलमध्ये हेडलाइट थेट आल्टरनेटरच्या एसीवर असतो. तिथे एलईडी लुकलुकते. आधी लाइन डीसीवर घ्या, चांगला रेग्युलेटर बसवा. चेनकेस (प्रायमरी चेन आणि क्लचचं कव्हर) उघडलेलीच असेल तर आल्टरनेटरच्या रोटर आणि स्टेटरमधलं अंतर सगळीकडून ०.२ मिमी आहे का तेही फीलर गेजने पाहा. एका बाजूने घासत असेल तर चार्जिंग कधीच पुरणार नाही. चेनकेस बंद करताना आत साधारण ४२० मिली तेल, आणि ते कारचं नको, क्लच सरकतो.

शेवटी स्प्रॉकेट. १६ च्या जागी १७ दाती टाकलं की नव्वदला फेऱ्या ४००० वरून साधारण ३७५० वर येतात. थरथर कमी, आवाज कमी, पेट्रोलही जरा वाचतं. खंबाटकीत डबलसीट एक गिअर आधी पाडावा लागेल, एवढीच किंमत. १८ दाती ३५० ला जड पडतं.

सायलेन्सर का काढला, तर या इंजिनात मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, ताकद जवळजवळ नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. ५०० सीसीचा बोअर बसवायचा विचारही याच कारणाने सोडा, आरसी बुकात ३४६ सीसी लिहिलेलं आहे. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा आरटीओत गाडी समोर उभी करायचीच असते. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट फडक्यात गुंडाळून, नाव लिहून जपून ठेवा.

बोअर-पिस्टन नवीन टाकलं तर पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत चालवा, एकाच वेगाने नव्हे, कमी-जास्त करत. ५०० झाले की तेल आणि फिल्टर बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा कसा, आणि लगेच टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) लावा: रॉकर ढकलणारा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. नट कसल्यावर टॅपेट न बघता गाडी बाहेर काढली तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, आणि सगळा खर्च करूनही किकला कॉम्प्रेशन लागत नाही.