बर्फात रुतू नये म्हणून: स्नोशूंची निवड

प्रश्न : आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात सह्याद्रीतील गड चढतो. यंदा डिसेंबरअखेर उत्तराखंडातील केदारकंठा आणि फेब्रुवारीत गुलमर्गच्या जंगलात चार दिवस भटकंती, असा बेत आहे. माझे वजन ७४ किलो असून पाठीवर १० किलोचे ओझे असेल. दोन्ही ठिकाणी स्नोशूंचा (बुटांखाली पट्ट्यांनी बांधायच्या रुंद चौकटींचा) एकच जोड चालेल का, माप कोणते घ्यावे आणि आत पावसाळ्यातले गमबूट चालतील का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : केदारकंठ्यासाठी स्नोशू घेऊ नयेत, हे आधीच सांगून टाकतो. सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या या शिखराची वाट हंगामात इतक्या पायांखाली तुडवली जाते की तेथील बर्फ घट्ट होऊन बसतो. अशा वाटेवर रुतण्यापेक्षा घसरण्याचीच धास्ती अधिक असते. तेथे बुटांवर चढवायची काटेरी साखळी, म्हणजे मायक्रोस्पाइक, आणि पोटऱ्यांवर बांधायचे गेटर पुरतात. ऐन वेळी मोठा हिमपात झालाच, तर वाटाड्या सांगेल तसे करावे.

गुलमर्गची गोष्ट वेगळी आहे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पाऊल उमटते तेवढेच, पण सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत ते घोट्यापर्यंत जाते; जंगलातील न तुडवलेला ताजा, भुसभुशीत बर्फ याहूनही पोकळ असतो आणि त्यात माणूस मांडीपर्यंत जाऊ शकतो. लावणीपूर्वी चिखल सपाट करण्यासाठी बैल ओढतात त्या फळीवर उभा राहिलेला माणूस जसा रुतत नाही, तसेच काम स्नोशू करतो. २५ इंची स्नोशूचे क्षेत्रफळ बुटाच्या तळव्याच्या साधारण चौपट असल्यामुळे बर्फावरील दाब तितकाच घटतो. तरीही ताज्या बर्फात पाऊल थोडे खाली जाणारच. अजिबात रुतणार नाही, असे दुकानदाराने सांगितले तर विश्वास ठेवू नये.

माप ठरवताना केवळ स्वतःचे नव्हे, तर ओझ्यासह वजन धरावे. तुमच्या ८४ किलोंना २५ इंचांचा जोड योग्य ठरेल. ३० इंचांचा जोड खोल बर्फात अधिक तरंगवतो हे खरे. परंतु देवदारांच्या दाट जंगलात मी तो एकदा वापरला आणि पहिल्या तासातच स्वतःच्याच स्नोशूवर पाय देऊन दोनदा आडवा झालो. जो तोलून धरतो त्यातला सर्वांत लहान जोड घ्यावा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. काही जोडांना मागे शेपटीसारखा तुकडा जोडून लांबी वाढवता येते. बर्फाचा भरवसा नसेल तेव्हा ही सोय मला फार उपयोगाची वाटते.

लांबीइतकेच लक्ष तळाकडे द्यावे. गोल अॅल्युमिनियम नळीची चौकट सपाटीवर उत्तम चालते, पण उतार आडवा कापताना ती कडेने घसरते. तेथे दोन्ही बाजूंना लांब दातेरी पट्ट्या असलेली चौकट हवी. चवड्याखाली पोलादी दात असावेत आणि चढावर टाच टेकवण्यासाठी उचलता येणारी कडी असावी. पोटऱ्यांना तिचा मोठा आधार होतो. दुपारी उन्हाने बर्फ ओला झाला की दातांखाली त्याचे गोळे चिकटतात. ते काठीने ठोकून पाडत राहावे.

एक गोष्ट मात्र स्नोशू करू शकत नाहीत. उघड्या, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो आणि स्नोशू घातल्याने तो तसूभरही कमी होत नाही. गुलमर्गलगतच्या अफरवट शिखराच्या उतारांकडे जाण्यापूर्वी स्थानिक जाणकारांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

गमबूट चालणार नाहीत. त्यांत घोटा सैल राहतो, थंडी आत शिरते आणि पट्टे आवळले की रबर दबून बोटे बधिर होतात. घोट्यापर्यंतचे, पाणी आत न घेणारे, ताठ तळव्याचे बूट घ्यावेत.

चार दिवसांसाठी जोड विकत घेण्यापेक्षा गुलमर्गलाच भाड्याने घ्यावा. घेतानाच हातमोजे घालून पट्टे दोनदा बांधून-सोडून पाहावेत. मला एकदा मिळालेल्या जोडाचा पट्टा थंडीने कडक होऊन वाटेतच तुटला होता. विकत घेतलाच, तर सराव म्हणून जांभ्याच्या कातळावर चालू नये, कारण दात लगेच बोथट होतात. शिवाय गुहागरच्या खाऱ्या हवेत ते दात एका पावसाळ्यात गंजतील, म्हणून कोरडे पुसून, तेलाचा हात फिरवून आणि कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत.