हप्त्याचा हिशेब आषाढात करावा

चि. स,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नऊ वर्षे शेटच्या गाडीवर काढल्यावर आता स्वतःचा दहाचाकी ट्रक घ्यावा असे तुला वाटते, आणि एका फायनान्स कंपनीचा माणूस त्यासाठी कळंबोलीत तीनदा तुझ्याकडे येऊन गेला, हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. गाडी कशी चालवावी हे मी तुला सांगायला नको. कर्ज कसे घ्यावे हे मात्र सांगायला हवे, कारण ते शिकताना माझी पहिली गाडी गेली.

ती गाडी मी चेसिस म्हणून, म्हणजे मागची बॉडी न बांधलेला नुसता सांगाडा म्हणून घेतली होती. कर्ज फक्त चेसिसवर मिळाले. बॉडी बांधून, आरटीओचे पासिंग होऊन माल वाहण्याचे परमिट हाती पडेपर्यंत दोन महिने गेले, पण हप्ते चेसिस उचलल्याच्या पुढच्याच महिन्यापासून सुरू झाले. बॉडीचा खर्च आणि ते दोन हप्ते मी व्याजाने पैसे काढून भागवले. मग पावसाळा आला, बांधकामे थंडावली, सळईची भाडी आटली आणि आठवड्याला एकच खेप मिळू लागली. तीन हप्ते थकले तेव्हा गाडी ओढून नेली. मी सगळा हिशेब मार्च महिन्याच्या भाड्यावर मांडला होता.

म्हणून तू आषाढ-श्रावणातल्या खेपा धरून हिशेब मांड. डिझेल, टोल, क्लीनरचा पगार, टायर यांच्यासोबत विमाही धर. मालासकट साडेअठ्ठावीस टन वजनाच्या दहाचाकीच्या नुसत्या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा 2022 साली ठरलेला दर वर्षाला 43,950 रुपये होता, आणि त्यावर कर वेगळा. भाड्याची उरलेली रक्कम माल पोचल्याची पावती दिल्यानंतर कधी महिन्याने, कधी दीड महिन्याने हाती येते, हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून जातो. त्यामुळे मार्जिन मनी, म्हणजे किमतीतला आपला वाटा भरल्यानंतरही किमान तीन हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात शिल्लक राहत नसेल, तर तेवढी गाडी आज तुझ्या आवाक्यात नाही असे समज आणि एक वर्ष थांब.

तो माणूस तुला आठ टक्के व्याज सांगतो. हे आठ टक्के फ्लॅट आहेत की घटत्या शिलकीवर, हे त्याच्याकडून लिहून घे. दहा लाख रुपये चार वर्षांसाठी आठ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज 3,20,000 रुपये आणि हप्ता 27,500 रुपये होतो. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर आकारले जाते, त्यामुळे खरा दर 14 टक्क्यांच्या वर जातो. बँकेने घटत्या शिलकीवर 12 टक्के सांगितले तर ते ऐकायला जास्त वाटतात, प्रत्यक्षात ते स्वस्त पडतात.

सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल आधी स्वतः काढून बघ. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तू कधी कोणा मित्राला जामीन राहिला असशील, तर त्याचे थकलेले हप्ते तुझ्याही अहवालात दिसतात, आणि याची कल्पना नसलेले कितीतरी ड्रायव्हर मी पाहिले आहेत. पगार आणि भत्ता रोखीने मिळत असेल तर आजपासून तो खात्यात भरत जा, कारण कागदावर न दिसणारी कमाई कर्ज देणाऱ्याच्या लेखी नसतेच.

जुनी गाडी घेणार असशील, तर 'पुढचे हप्ते तू भर, गाडी तुझी' या बोलीवर, नुसत्या नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरावर ती कधीही घेऊ नकोस. कर्ज, आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) आणि विमा हे तिन्ही जुन्या मालकाच्याच नावावर राहतात. तू भरलेल्या हप्त्यांची नोंद तुझ्या नावे होत नाही, गाडी तुझी असल्याचा ठोस पुरावा हाती नसतो, आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा दावाही त्याच्याच नावाने करावा लागतो. आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद उतरवायला फॉर्म 35 आणि फायनान्सरची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र लागते. ती कागदपत्रे तयार झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. आठ वर्षांपुढच्या गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, तो खर्चही हिशेबात धर.

हप्ता चुकणार असे दिसले की, तो चुकण्याआधीच शाखेत जाऊन बोल. मी लाजेने फोन बंद ठेवला होता आणि तेच मला सर्वांत महागात पडले. गुंड पाठवून वसुली करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच बजावले आहे, आणि एप्रिल 2024 पासून नव्या कर्जाच्या थकीत हप्त्यावरचा दंड व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हे तुला माहीत असलेले बरे. पण त्यामुळे थकलेला हप्ता माफ होत नाही.

आता त्या माणसाकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद माग. ऑक्टोबर 2024 पासून ते द्यावेच लागते, तेही आपल्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत माग. सगळे शुल्क धरून होणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत ते कागद आणि गेल्या जुलै-ऑगस्टमधल्या खेपांची तुझी वही घेऊन माझ्याकडे ये. सही त्यानंतर कर.

तुझा,
काका