वेबमेलमधून पासवर्ड बदलताना अधिकार कोणाच्या हाती?

प्रश्न : रावेर येथील आमच्या केळी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत 60 कर्मचाऱ्यांची मेल खाती एका लिनक्स सर्व्हरवर आहेत. पासवर्ड बदलायचा असला की सगळे मलाच फोन करतात. आखाजीला गावी गेलेली माणसेही नवा पासवर्ड फोनवरच सांगतात. म्हणून मी राउंडक्यूब या वेबमेल सॉफ्टवेअरचे पासवर्ड प्लगइन सुरू केले आणि वेबसर्व्हरला सुडोमधून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, सीएचपासडब्ल्यूडी ही पासवर्ड बदलणारी कमांड चालवण्याची परवानगी दिली. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, रावेर (जि. जळगाव)

उत्तर : नाही. सुडोमधली ती ओळ आजच काढून टाकावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सीएचपासडब्ल्यूडी कमांडला केवळ खात्याचे नाव आणि नवा पासवर्ड लागतो. जुना पासवर्ड ती विचारत नाही आणि रूटचा, म्हणजे सर्व्हरवरील सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्डही ती तितक्याच सहज बदलते. वेबमेलचे पान जुना पासवर्ड मागते हे खरे, परंतु ती तपासणी राउंडक्यूब स्वतः करते, त्यामुळे राउंडक्यूबच कोणाच्या ताब्यात गेले तर तिचा काहीच उपयोग उरत नाही. ही भीती काल्पनिक नाही : राउंडक्यूबमध्ये अनेक वर्षे दडून राहिलेली एक गंभीर त्रुटी जून 2025 मध्ये 1.6.11 आणि 1.5.10 या आवृत्त्यांत दुरुस्त झाली, आणि तिचा फायदा घेण्यासाठी एखाद्या सामान्य खात्याने लॉगिन करता येणे पुरेसे होते. आपली आवृत्ती त्याआधीची असेल, तर पुढचे काहीही करण्यापूर्वी ती अद्ययावत करावी.

वेबमेलला स्वतःचा असा कोणताही अधिकार नसावा. त्याने वापरकर्त्याचा जुना आणि नवा पासवर्ड पुढे पोहोचवावा आणि जुना खरा आहे की नाही हे पलीकडच्या सेवेने ठरवावे. आपली खाती लिनक्सचीच असल्याने पॉपपासडी ही जुना पासवर्ड तपासूनच तो बदलणारी छोटी सेवा येथे योग्य ठरेल. राउंडक्यूबच्या प्लगइनमध्ये तिची सोय आहेच. ती पोर्ट 106 वर चालते आणि पासवर्ड उघड्या मजकुरात घेते, म्हणून ती केवळ 127.0.0.1 (म्हणजे तोच सर्व्हर) या पत्त्यावरच ऐकेल असे पाहावे आणि फायरवॉलमध्येही हा पोर्ट बाहेरून बंद ठेवावा. ब्राउझर ते सर्व्हर हा टप्पा अर्थातच एचटीटीपीएसवर असावा. पुढे खाती एलडॅप या मध्यवर्ती खातेसूचीत नेलीत, तर तेथेही वापरकर्त्याच्याच नावाने बाइंड (म्हणजे लॉगिन) करून बदल होऊ द्यावा, प्रशासकाच्या नावाने नव्हे.

पासवर्ड बदलल्यानंतर आधीच उघडी असलेली आयमॅपची (मेल वाचण्याची) सत्रे आपोआप तुटत नाहीत. पासवर्ड चोरीला गेल्याचा संशय असेल, तर ‘डव्हअ‍ॅडम किक’ ही डव्हकॉट या मेल सर्व्हरची कमांड वापरून ती तोडावीत. कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड तसाच राहिला, तर फोन पुन्हा पुन्हा चुकीचे लॉगिन करत राहतो. वारंवार चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणारे फेलटूबॅन बसवलेले असेल, तर पाच चुकांनंतर संपूर्ण कार्यालयाचाच आयपी पत्ता अडवला जाऊ शकतो. म्हणून बदलाच्या पानावरच ‘मोबाइलमधील पासवर्डही आत्ताच बदला’ अशी ठळक सूचना लिहावी.

फोनवर पासवर्ड सांगण्याची पद्धत मात्र पूर्णपणे बंद करावी. पासवर्ड विसरलेल्या कर्मचाऱ्याने कार्यालयात समक्ष यावे, आपण तात्पुरता पासवर्ड द्यावा आणि त्याने तो आपल्यासमोरच बदलावा.