चवथीआधी भिंत रंगवू नका

फोंड्याहून एका ताईंनी लिहिलंय : 2022 च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला. चोवीस फ्लॅटची, रेरात (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली) नोंदलेली इमारत. दर पावसाळ्यात निजायच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत ओलावते, कपाटामागे काळी बुरशी धरते. बाळाचा खोकला हटत नाही. बिल्डर म्हणतो, 'गोव्यात बुरशी यायचीच, आणि करारातली एका वर्षाची हमी संपली.' चवथीआधी स्वतःच रंगवून घ्यावं का?

ताई, इतक्यात रंगवू नका. रंगाच्या पहिल्याच हाताखाली तुमचा पुरावा झाकला जाईल.

त्या एका वर्षाने घाबरून जाऊ नका. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. करारात काहीही लिहून ही मुदत कमी करता येत नाही. तुमच्या हातात ऑक्टोबर 2027 पर्यंत वेळ आहे.

खरी झटापट होईल ती ओल कुठून येते यावर. दमट हवेची बुरशी असेल तर बिल्डर सुटेल. म्हणून आधी घरीच बघा. भिंतीचा एक तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर हातभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूने धरले तर हवेचा दमटपणा, प्लास्टिकच्या आत धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून बीम आणि चिऱ्यांच्या सांध्यात तडा आहे का, खिडकीच्या चौकटीखाली फट आहे का, तेही बघा. पश्चिमेची झड तिथूनच घुसते. पण तक्रारीत वजन पडतं ते सिव्हिल इंजिनिअरच्या लेखी अहवालाचं. त्याला भर पावसातच बोलवा, मार्चमध्ये भिंत कोरडी ठणठणीत दिसेल.

मग बिल्डरला ईमेल करा आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. फोनवरच्या 'बघतो, माणूस पाठवतो' वर 30 दिवस मोजता येत नाहीत. तेवढ्यात काम झालं नाही तर गोवा रेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं. भरपाईचा अर्ज ती ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा करावा लागतो. वकील हवाच असं नाही, तुम्हाला स्वतः बाजू मांडता येते. त्याच भिंतीच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांची ओल तुमचा पुरावा पक्का करील.

बाळाचं अंथरूण मात्र आजच दुसऱ्या खोलीत हलवा. तारखेसह फोटो काढून झाले की बुरशी ओल्या फडक्याने पुसा, कोरडी खरवडू नका, कण उडतात. पुसल्याने तुमची तक्रार कमकुवत होत नाही.