जोन्स ठेवू का विकू? (उत्तर जरा लांबलंय)

तुझा प्रश्न मला कळला तो असा. तुझ्या बेसबॉलच्या फँटसी टीममध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळायची कागदी टीम) न्यूयॉर्क यांकीजचा स्पेन्सर जोन्स आहे, २०२५ ला त्याने मायनर्समध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीग) ३५ होमर मारले, म्हणजे आपल्या सिक्ससारखे, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, त्यामुळे जो तो पुढचा जज पुढचा जज (यांकीजचाच उंच होमरवाला आरोन जज) करतोय, आणि लीगमधला एकजण त्याच्या बदल्यात एक बरा पिचर (आपला बॉलर) द्यायला तयार झालाय. तर ठेवू का विकू, आणि मुळात मायनर लीगचा आउटफिल्डर (मागच्या मोकळ्या मैदानातला फिल्डर) बघताना बघायचं काय. दुसरं आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच निघेल.

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहतो, समरसेट पेट्रियट्सचं ग्राउंड घरापासून दहा मिनिटांवर. २०२१ पासून ती यांकीजची डबल-ए (मेजर्सच्या दोन पायऱ्या खालची) टीम आहे, म्हणजे आउटफिल्डर डोमिंगेझ झाला, जोन्स झाला, सगळे इथूनच गेले. ग्राउंडच्या मागेच ट्रेनचं स्टेशन आहे, मेजर लीगच्या मानाने तिकीट किरकोळ, आणि लवकर गेलं तर बॅटिंग प्रॅक्टिस अगदी जवळून बघायला मिळते. मी स्काउट वगैरे नाही, ऑफिस सुटलं की वही घेऊन बसणारा माणूस आहे. मध्ये एकदा हौसेने स्टॉपवॉच पण घेतलं, तर बायको म्हणाली कुकरच्या शिट्ट्या मोजायला का.

तर पहिली गोष्ट, होमर सगळ्यात शेवटी बघ. हे उलटं वाटेल, पण होमर म्हणजे आधीच्या दहा गोष्टी जमल्यावर निघालेला रिझल्ट आहे आणि मायनर्समध्ये तो चुकीच्या कारणाने पण निघतो. कच्चा पिचर असतो, त्याचा स्लायडर (शेवटी वळून खाली पडणारा चेंडू) खाली जायचा तो मधोमध लटकतो, आणि दांडगा पोरगा तो पार्किंगमध्ये टाकतो. मेजर्समध्ये तसे लटकलेले चेंडू फार कमी मिळतात. तिथे पिचरला चार दिवसात कळतं की हा बाबा कुठल्या चेंडूवर आंधळा आहे, आणि मग तोच चेंडू येत राहतो, येत राहतो, पोरगा सुधारेपर्यंत किंवा परत खाली जाईपर्यंत.

म्हणून मी आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट) बघतो, आणि त्यातही नुसता आकडा नाही तर कसे झाले ते. झोनच्या (बॅटरसमोरचा चौकोन, त्यातून गेलेला चेंडू सोडला तरी स्ट्राइक) बाहेरच्या चेंडूला हात घालून आउट होतो तो एक प्रकार, त्याला शिकवता येतं, निदान थोडं तरी. पण झोनच्या आतल्या चेंडूवर, मारायच्याच चेंडूवर बॅट लागत नाही, तो दुसरा प्रकार, आणि तो मला जास्त घाबरवतो. उंच पोरांना हे जास्त होतं कारण हात लांब, स्विंग लांब, आणि झोन पण उंचीप्रमाणे मोठा, म्हणजे राखायला जागा जास्त आणि बॅट पोचायला वेळ जास्त.

आता जोन्सचे आकडे घे. २०२४ चा अख्खा सीझन तो इथे समरसेटला खेळला, १२२ मॅचमध्ये २०० स्ट्राइकआउट. मायकल जॉर्डन आठवतो ना, १९९४ ला बास्केटबॉल सोडून बर्मिंगहॅमला खेळायला गेला होता, ती पण डबल-ए टीमच आणि तो पण आउटफिल्डर. एकतीस वर्षांचा माणूस, शाळेनंतर बॅट धरली नव्हती, ॲव्हरेज .२०२ (हजार खेपांत २०२ हिट या हिशोबाने) आणि त्याच्यावर सगळे हसले. त्याचे १२७ मॅचमध्ये ११४ स्ट्राइकआउट होते. आता तेव्हाचं पिचिंग वेगळं, हल्ली सगळेच जास्त स्ट्राइकआउट होतात, आणि जॉर्डनचे होमर फक्त ३ होते, त्यामुळे तुलना सरळ नाही हे मला माहितीये, पण तरी २०० हा आकडा केवढा आहे ते कळावं म्हणून सांगितलं. २०२५ ला होमर दुप्पट झाले, ट्रिपल-ए (मेजर्सच्या लगेच खालची पायरी) पर्यंत गेला, पण स्ट्राइकआउटचं प्रमाण शंभर खेपांत पस्तीसच्या आसपासच राहिलं. म्हणजे पॉवर सुधारली, भोक तिथेच आहे.

जजशी तुलना करणारे नेहमी एकच गोष्ट पुढे करतात, की अरे जज पण २०१६ ला वर आला तेव्हा ८४ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या खेपा) ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, ॲव्हरेज .१७९, आणि पुढच्याच वर्षी ५२ होमर. खरं आहे. पण त्याआधीचं कोणी बघत नाही. वर यायच्या आधी त्याच वर्षी ट्रिपल-ए मध्ये जजचे ९३ मॅचमध्ये ९८ स्ट्राइकआउट होते, म्हणजे मॅचला साधारण एक. जोन्सचे मॅचला दीडच्या पुढे. आणि २०१७ ला ते ५२ होमर मारताना जज २०८ वेळा स्ट्राइकआउट झाला तसे त्याने १२७ वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळणारा बेस) पण घेतले. नको तो चेंडू सोडायची अक्कल त्याच्याकडे होती, ते ४२ म्हणजे नवीन घरात गेल्यावर दिव्याचं बटण सापडेपर्यंतची धडपड होती. उंची सारखी, टीम सारखी, म्हणून पोरगा सारखा असं होत नाही.

मला विचारशील तर जोन्सच्या शेजारी जजला नाही, जोई गॅलोला उभा कर. गॅलोने मायनर्समध्ये २०१३ ला ४० आणि २०१४ ला ४२ होमर मारले होते, तेव्हाही लोक स्ट्राइकआउटकडे बोट दाखवत होते. वर आल्यावर त्याने २०१७ ला ४१ आणि २०१८ ला ४० मारले, दोनदा ऑल-स्टार झाला, आउटफिल्डमध्ये दोन गोल्ड ग्लोव्ह (फिल्डिंगचं बक्षीस) मिळवले, आणि तरी करिअरची ॲव्हरेज .१९४. आता ही फेल गेलेली केस म्हणायची का? मी नाही म्हणणार, २०८ मेजर लीग होमर मारणारे किती असतात. पण तुझ्या फँटसी लीगमध्ये ॲव्हरेज मोजतात ना? मग तो तुला एका हाताने देईल आणि दुसऱ्या हाताने काढून घेईल.

याच्या उलटं उदाहरण मूकी बेट्स, आणि हे माझं फार लाडकं आहे. २०१२ ला तो लोवेलला, अगदी खालच्या लीगमध्ये, ७१ मॅच खेळला आणि होमर शून्य. शून्य! पण वॉक ३२ आणि स्ट्राइकआउट ३०. पाच फूट नऊ इंचाचा पोरगा, तेव्हा इन्फिल्डर (बेसजवळचा फिल्डर) होता, आउटफिल्डला तर २०१४ मध्ये नेला. ज्याने नुसते होमर बघितले त्याला तिथे काहीच दिसलं नसतं. २०१८ ला त्याच माणसाने ३२ होमर मारून एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) घेतला. ताकद नंतर येते, मसल येतात, कोच स्विंग थोडा उचलून देतात, पण चेंडू ओळखणारा डोळा नंतर येणं फार अवघड. म्हणून मी वॉक आणि स्ट्राइकआउट शेजारी शेजारी लिहितो, नुसतं एक नाही.

वय. हे लोक विसरतात. डबल-ए मध्ये वीस वर्षांच्या पोराने .२५० मारणं आणि चोवीस वर्षांच्या पोराने .२८० मारणं यात मी वीसवाला घेईन, डोळे झाकून. हुआन सोटो २०१८ ला हॅगर्सटाउनला (डबल-ए च्याही खाली) सीझन सुरू करून डबल-ए मध्ये जेमतेम ८ मॅच खेळला आणि मे मध्ये एकोणिसाव्या वर्षी वॉशिंग्टनच्या मेजर लीग टीममध्ये होता. जोन्स कॉलेजमधून आला, व्हँडरबिल्ट, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवीन पोरं निवडतात तेव्हा) पंचविसावा पिक, २०२५ च्या मे मध्ये चोवीसचा झाला तेव्हा डबल-ए मध्येच होता. हा गुन्हा नाही, कॉलेजवाले उशिराच येतात, पण 'अजून लहान आहे शिकेल' हे वाक्य त्याच्या बाबतीत आता वापरता येत नाही.

मग ग्राउंड. आपल्याकडे पाटा खेळपट्टीवरचं द्विशतक कोणी मनावर घेत नाही ना, तसंच. लुईस ब्रिन्सन नावाचा आउटफिल्डर होता, अंगात सगळं होतं, पळणं, थ्रो, पॉवर. २०१७ ला ट्रिपल-ए मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला त्याने .३३१ मारलं. ते ग्राउंड सहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि कर्व्ह नीट वळतच नाही. पुढच्या वर्षी आउटफिल्डर येलिचच्या बदल्यात तो मायामीला गेला आणि समुद्रसपाटीवर .१९९. सगळा दोष हवेचा नव्हता, स्विंगमध्ये पण प्रॉब्लेम होता, पण त्या हवेत तो झाकला गेला. कुठलाही आकडा बघितलास की कुठल्या गावात मारलाय ते आधी बघ.

आता फिल्डिंग, कारण आपण आउटफिल्डरबद्दल बोलतोय आणि फँटसीवाले हे बघतच नाहीत, पण पोरगा टीममध्ये टिकतो का ते बऱ्याचदा इथे ठरतं. सेंटर फिल्डर (आउटफिल्डच्या मधोमध उभा राहणारा) म्हणजे आपला विकेटकीपर समज. कीपर चांगला असेल तर बॅटिंगमध्ये थोडं चालवून घेतात, पण स्लिपमध्ये उभ्या राहणाऱ्याला रन काढावेच लागतात. तसंच सेंटर सांभाळणारा असेल तर .२३० वर पण खेळतो, लेफ्टला ढकलला की बॅट बोलली पाहिजे. मी बघतो ते पहिलं पाऊल. चेंडू बॅटला लागला की आवाज पोचायच्या आत पोरगा हललाय का, आणि बरोबर दिशेला हललाय का. डाइव्ह मारून कॅच घेतला की लोक टाळ्या वाजवतात, पण पहिलं पाऊल बरोबर असतं तर बऱ्याचदा डाइव्ह लागलीच नसती. जोन्स इथे पास होतो, एवढा उंच असून पळतो छान, २०२४ ला २५ बेस चोरले (पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात पळून पुढचा बेस गाठला), आणि सेंटर खेळतो. त्यामुळे तो अगदीच गळून पडेल असं मला वाटत नाही.

स्काउट लोक २० ते ८० च्या पट्टीवर मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. बॅट लागणं, पॉवर, पळणं, थ्रो, फिल्डिंग, पाच विषय. आता शाळेसारखी बेरीज करू नकोस, हीच गल्लत होते. पॉवर ७० आणि बॅट लागणं ३० म्हणजे सरासरी ५० नाही, कारण बॅट लागलीच नाही तर ते ७० प्रॅक्टिसच्या जाळीतच राहतात. बाकी सगळे विषय त्या एका विषयाच्या दारातून आत येतात.

एक संध्याकाळ सांगतो. हल्ली मायनर्समध्ये सोमवारी सुट्टी आणि मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच असतात, त्यामुळे गुरुवार-शुक्रवारपर्यंत पिचरना समोरच्या बॅटरची कुंडली पाठ झालेली असते. मी मुद्दाम त्याच दिवशी जातो. पाहुण्या टीमचा एक वीस वर्षांचा लेफ्ट फिल्डर होता, नाव नाही देत. पहिल्यांदा आला, बाहेर खाली जाणाऱ्या स्लायडरवर तीन स्विंग, तीन हवेत, परत. दुसऱ्यांदा त्याच स्लायडरला बॅट अर्ध्यात थांबवली पण अंपायरने स्विंग दिला, परत आउट. तिसऱ्यांदा तोच चेंडू आला आणि त्याने बघितला पण नाही, म्हणजे खांदा सुद्धा हलला नाही, मग पिचरला आत यावं लागलं आणि याने फाउल, फाउल, फाउल करत नऊ चेंडू खेळून जोरात मारला, तो नेमका सेकंड बेसमनच्या हातात. चौथ्यांदा वॉक. पेपरात काय लिहून आलं, तीनात शून्य. माझ्या शेजारचा काका नाचोज खात म्हणाला हा पोरगा काही चालणार नाही. मी वहीत स्टार केला. दोन तासात, त्याच पिचरसमोर, पोरगा बदलला होता. सध्या तो ट्रिपल-ए मध्ये आहे, म्हणजे माझा स्टार अजून खरा पण नाही आणि खोटा पण नाही. पण मी शोधतो ते हे, आणि हे कुठल्याच वेबसाइटच्या कॉलममध्ये येत नाही.

आणि शेवटी जागा. हे पोराच्या हातात नसतंच. आपला अमोल मुझुमदार, मुंबईकडून रणजी पदार्पणात २६०, पुढे फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांच्या वर रन, भारताची एक मॅच नाही, कारण त्या काळात मिडल ऑर्डरमध्ये कोण कोण बसले होते ते तुला सांगायला नको. शाळेत पण तेंडुलकर-कांबळी ६६४ करत होते तेव्हा हा पॅड बांधून बसून राहिला होता. २०२५ ला यांकीजच्या आउटफिल्डमध्ये जज, बेलिंजर, ग्रिशम आणि वर डोमिंगेझ. जोन्सला २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मेजर टीमच्या चाळीस जणांच्या यादीत घेतलं ते लोक फार मोठी बातमी म्हणून सांगतायत, पण नाही घेतला असता तर रूल फाइव्हमध्ये (यादीबाहेर राहिलेली पोरं दुसऱ्या टीमनी उचलायचा ड्राफ्ट) दुसऱ्या कुणी उचलला असता, म्हणून घेतला. यादीत आला म्हणजे साधारण तीन सीझन त्याला खाली-वर पाठवता येतं, आणि ते पाठवतील. त्यामुळे तुझ्या बेंचवर तो किती दिवस जागा अडवणार याचा हिशोब कर.

तर माझं मत, सेंटर फिल्डची ग्लोव्ह, पाय आणि अचाट पॉवर यामुळे तो मेजर्समध्ये येईल, काही महिने असा मारेल की तू मला शिव्या घालशील, आणि मग पिचरना भोक सापडेल. भोक बुजवलं तर मी चुकलो, आनंदाने चुकीन, इथे ब्रिजवॉटरला बघितलेला पोरगा आहे शेवटी. पण ३५ होमरचा भाव आत्ता चालू आहे, आणि हा भाव वर आल्यावरच्या पहिल्या वाईट महिन्यात अर्धा होतो. मी असतो तर विकला असता, फक्त समोरचा पिचर कोण आहे ते तू लिहिलंच नाहीस. 'बरा पिचर' म्हणजे खांद्याचं ऑपरेशन झालेला असेल तर मग जोन्सच बरा. नाव टाक, मग बघू.