मुलींचा कॉलेज कप : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज सॉकरच्या 2022 च्या फायनलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, सहज, जागा उरली होती म्हणून. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अमेरिकेत असतो. नातीच्या तोंडी नोव्हेंबर आला की सारखं कॉलेज कप, कॉलेज कप. हे नेमकं काय असतं?

आजोबा, तिकडे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिचे तीन डिव्हिजन आहेत, आणि नात बोलतेय ते पहिल्या डिव्हिजनबद्दल. सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो, नोव्हेंबरच्या मध्यावर 64 टीम्स नॅशनल चॅम्पियनशिपला उतरतात आणि तिथून पुढे सरळ नॉकआउट, हरलात की घरी. सलग सहा मॅचेस काढल्या की ट्रॉफी. शेवटच्या चार टीम्स उरतात त्या टप्प्याला कॉलेज कप म्हणतात, पण लोक बोलताना अख्ख्या स्पर्धेलाच तसं म्हणतात. सुरुवातीच्या फेऱ्या मानांकन मिळालेल्या टीम्सच्या कॅम्पसवर होतात, सेमीफायनल आणि फायनल मात्र आधीच ठरवलेल्या एका मैदानावर. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी हे गाव तर या कपचं माहेरच झालंय.

आणि हो, सॉकर म्हणजे आपला फुटबॉलच. हा प्रश्न सात जणांनी विचारलाय.

प्रश्न : 64 टीम्स ठरवतं कोण? आणि नॉकआउटमध्ये बरोबरी झाली तर?

प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, चॅम्पियन टीम थेट आत येते. उरलेल्या जागा एक समिती वर्षभराचे निकाल बघून, कोण कोणाशी खेळलं हे तोलून भरते, आणि दर वर्षी कोणीतरी रडतंच की आम्हाला डावललं. बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव, ते पूर्ण खेळायचे, मग पेनल्टी. पूर्वी जादा वेळेत पहिला गोल पडला की तिथेच मॅच खलास व्हायची, गोल्डन गोल. तो नियम 2022 पासून गेला. मला तो आवडायचा नाही, एका घसरलेल्या पायावर चार वर्षांची मेहनत संपायची, पण त्याच नियमाने 2002 ची फायनल दिली हेही खरं. पोर्टलंड विरुद्ध सँटा क्लारा, 1-1, आणि जादा वेळेत क्रिस्टीन सिंक्लेअर नावाच्या कॅनडाच्या मुलीने गोल मारला. पोर्टलंडचा आधीचा गोलही तिचाच होता. पोर्टलंडचे कोच क्लाइव्ह चार्ल्स तेव्हा कॅन्सरशी झगडत होते, पुढच्या ऑगस्टमध्ये ते गेले. ही सिंक्लेअर नंतर 2005 ला परत कप जिंकली, त्या एका सीझनमध्ये 39 गोल!

प्रश्न : नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीच सारखी का जिंकते? 22 वेळा म्हणे. मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला?

याच प्रश्नाची मी वाट बघत होते.

स्पर्धा 1982 ला सुरू झाली तेव्हा टीम्स होत्या फक्त 12. पहिल्या तिन्ही वर्षी नॉर्थ कॅरोलिना, मग 1986 ते 1994 सलग नऊ वर्षं तीच. पुढे अमेरिकेची स्टार झालेली मिया हॅम त्यातल्या चार कपांत होती, तिची 19 नंबरची जर्सी कॉलेजने नंतर कोणालाच दिली नाही. कोच अ‍ॅन्सन डॉरन्स 1979 पासून ही मुलींची टीम सांभाळत होते, ऑगस्ट 2024 ला सीझन तोंडावर असताना त्यांनी रिटायरमेंट घेतली. त्यांची पद्धत अशी की प्रॅक्टिसमधल्या प्रत्येक गोष्टीचे मार्क, धावणं, शूटिंग, वन ऑन वन, सगळं लिहून ठेवायचं आणि कोण कितवी हे सगळ्यांना दिसेल असं लावायचं. मुलींनी मुलींशी इतकं उघड भांडून खेळायची तेव्हा सवयच नव्हती, ती त्यांनी लावली. त्यात बाकीची बरीच कॉलेजं तेव्हा मुलींच्या टीमकडे धड लक्षही देत नव्हती, पूर्ण वेळ कोच नाही, पैसा नाही, त्यामुळे जो आधी जागा झाला त्याने लुटलं, असं सरळ आहे.

पण माझं म्हणणं असं की या स्पर्धेची गोष्ट नॉर्थ कॅरोलिनाच्या 22 कपांत नाही, ती जिथे जिथे हरली तिथे आहे. 1985 ला जॉर्ज मेसनने फायनलमध्ये 2-0 ने हरवलं, पण तेव्हा तो अपवाद वाटला. 1995 ला नोत्र दामने सेमीफायनललाच घरी पाठवलं आणि पुढे कप घेतला. 1998 ला फ्लोरिडा, यांची टीमच सुरू झाली 1995 ला, चौथ्याच सीझनला फायनलमध्ये नॉर्थ कॅरोलिनावर 1-0, आणि कोच बेकी बर्ली. हा कप घेणारी ती पहिली बाई कोच, म्हणजे मुलींच्या स्पर्धेत बाई कोचला कप मिळायला सोळा वर्षं गेली, हे मला आजही टोचतं. 2001 ला सँटा क्लारा. 2012 च्या कपानंतर तर नॉर्थ कॅरोलिना 2018, 2019 आणि 2022 अशा तीन फायनल हरली, मग कुठे 2024 ला हंगामी कोच डेमन नाहास यांच्या हाताखाली वेक फॉरेस्टला 1-0 हरवून 22 वा मिळाला. या बारा वर्षांच्या दुष्काळात यूसीएलए, फ्लोरिडा स्टेट, पेन स्टेट, स्टॅनफर्ड सगळ्यांनी हात धुऊन घेतले. एकाच कॉलेजची मक्तेदारी मोडायला देशभर किती मैदानं, किती कोच, किती मुली तयार व्हाव्या लागल्या असतील बघा ना.

प्रश्न : तुम्ही 2022 च्या फायनलचं इतकं कौतुक केलंत, झालं काय होतं?

यूसीएलए विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना, कॅरीला, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाच्या दारातच. पंचाहत्तराव्या मिनिटाला नॉर्थ कॅरोलिना 2-0 ने पुढे, संपलं असं वाटलं. मग ऐंशीव्या मिनिटाला एक गोल फिटला, आणि कॉलेज सॉकरमध्ये घड्याळ उलटं चालायचं, 45 वरून शून्याकडे, इंज्युरी टाइम वगैरे काही नाही, शून्य झालं की शिट्टी. त्या घड्याळावर 16 सेकंद उरलेले असताना कॉर्नर, हेडर, 2-2! जादा वेळेत 107 व्या मिनिटाला यूसीएलएच्या मारीकार्मेन रेयेसने तिसरा मारला. कोच मार्गरेट आओझासा यांचं यूसीएलएच्या हेड कोच म्हणून ते पहिलंच वर्ष. मी नंतर ते 16 सेकंद किती वेळा बघितलेत, मोजलं नाही.

प्रश्न : कॉलेजच्या स्पर्धेला एवढं महत्त्व कशाला? शेवटी विद्यार्थीच ना त्या?

विद्यार्थीच, पण तारखा बघा. ही स्पर्धा 1982 ची, अमेरिकेची महिला नॅशनल टीम पहिली मॅच खेळली 1985 ला, इटलीत, म्हणजे देशाच्या टीमच्या आधी कॉलेजची चॅम्पियनशिप होती. 1991 चा पहिला महिला वर्ल्ड कप चीनमध्ये झाला, तो जिंकणाऱ्या अमेरिकन टीमचे कोच हेच डॉरन्स, आणि 18 पैकी 9 मुली नॉर्थ कॅरोलिनाच्या. बायकांची प्रो लीग 2001 ला निघाली ती 2003 ला बंद, दुसरी 2009 ला निघाली तीही टिकली नाही, आत्ताची एनडब्ल्यूएसएल 2013 पासून. एवढी सगळी वर्षं मुलीला दर आठवड्याला कोच, मैदान, डॉक्टर, प्रवास हे सगळं देणारी जागा एकच होती, कॉलेज.

आणि कॉलेजने ते काही मोठ्या मनाने दिलं नाही. 1972 ला टायटल नाइन नावाचा कायदा झाला, मूळ वाक्य अवघं 37 इंग्रजी शब्दांचं, त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही एवढंच. पण त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये शंभराच्या आसपास मुलगे असतात, मग मुलींचा आकडा जुळवायचा कसा, तर सॉकर काढा, एका टीममध्ये पंचवीस-तीस मुली मावतात आणि खर्चही बेताचा. म्हणून आज पहिल्या डिव्हिजनमध्ये मुलींच्या टीम्स साडेतीनशेच्या आसपास आहेत आणि मुलग्यांच्या दोनशेच्या थोड्या वर. कायदा कागदावर झाला की काय होतं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे दाखवते.

प्रश्न : आता चांगल्या मुली कॉलेज सोडून थेट प्रो होतात म्हणे. मग कपाची मजा जाणार का?

काही जणी जातात, खरंय. लिंडसी होरानने 2012 ला नॉर्थ कॅरोलिनाला नाही म्हणून पॅरिस गाठलं, ट्रिनिटी रॉडमन 2021 ला कॉलेजची एकही मॅच न खेळता प्रो झाली, कातारिना माकारियो स्टॅनफर्ड मध्येच सोडून फ्रान्सला गेली. एनडब्ल्यूएसएलने 2024 ला ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने मुली निवडायची पद्धत, पण बंद केला, आता मुलगी स्वतः क्लब निवडते. मला यात वाईट काही दिसत नाही, अठराव्या वर्षी हातात पगार येत असेल तर घेऊ दे की. मजा तरी उरतेच, कारण प्रो होणाऱ्या मूठभर, बाकी हजारो मुलींना सगळ्यात मोठी मॅच मिळणार ती इथेच.

प्रश्न : मुलगी नववीला आहे, आम्ही टेक्ससला असतो, क्लबचे कोच म्हणतात फुल स्कॉलरशिप पक्की. विश्वास ठेवू का?

पक्की हा शब्द ऐकला की सावध व्हा. पहिल्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं एका टीमला 14 पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या 14 मध्ये सगळी टीम वाटून घ्यायची, म्हणजे बहुतेकींना अर्धी, पाव, काहींना शून्य. 2025 पासून नियम बदलले, नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची ती मर्यादा नाही, पण टीममध्ये 28 च मुली ठेवता येतात, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने दार लहान केलं. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे कॉलेजांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिपच नसते, अभ्यास आणि घरची परिस्थिती यावर मदत मिळते, ती कधी कधी जास्तही भरते. कॉलेजचे कोच दहावीनंतरच्या 15 जूनच्या आधी तिच्याशी थेट बोलू शकत नाहीत, तेव्हा आत्ताच कोणाच्या नावाने कोणी वचन देत असेल तर ते त्यांचं नाही. मार्क सांभाळा. आणि तिला एकदा निवांत विचारा की तिला स्वतःला खेळायचंय ना.

प्रश्न : ताई, माझी भाची चौथ्या वर्षाला होती, पहिल्याच फेरीत टीम पेनल्टीवर बाहेर गेली. चार वर्षं संपली. दोन दिवस फोनवर नुसती रडतेय. काय बोलू तिच्याशी?

रडू दे तिला. चार वर्षं पहाटे उठून केलेली गोष्ट एका संध्याकाळी संपते, त्याला पर्याय नाही, 64 टीम्समधल्या 63 जणींचं असंच होतं.

पण एक तिला सांगा, कदाचित तिच्या लक्षात आलं नसेल. एनसीएएच्या रेकॉर्डमध्ये पेनल्टीवर गेलेली मॅच हार म्हणून धरत नाहीत, बरोबरी म्हणून धरतात, पेनल्टीने फक्त पुढे कोण जाणार ते ठरतं. तिच्या शेवटच्या मॅचसमोर तिच्या कॉलेजच्या वहीत 'हरले' असं लिहिलेलं नाहीये.