एर्बियमची काच घेण्याआधी डिटेक्टर बघ

प्रश्न: मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी प्रकल्पासाठी एर्बियम (प्रकाश देणारा एक दुर्मिळ मृदा धातू) घातलेली बोरेट (बोरॉन ऑक्साइडची) काच सुचवली आहे. पुढे फोटॉनिक्समध्ये पीएच.डी. करायची आहे. हा विषय घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर: विषय जरूर घे. मात्र एर्बियम आणि बोरेट ही जोडी पक्की करण्याआधी विभागातल्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरला (पदार्थातून निघणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाला) कोणता डिटेक्टर आहे ते बघून ये. एर्बियमचं महत्त्व आहे ते १५३० नॅनोमीटरजवळच्या उत्सर्जनामुळे. प्रकाशीय फायबरमधले संदेश वाढवणारे अॅम्प्लिफायर त्यावरच चालतात. नेहमीच्या फोटोमल्टिप्लायर डिटेक्टरला तिथलं काहीच दिसत नाही. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर लागतो. तो नसेल तर वर्षअखेरीस हाती फक्त शोषणाचे आलेख उरतील.

बोरेटचीही अडचण आहे. हा प्रकाश देणारी एर्बियमची ऊर्जापातळी मूळ पातळीच्या साधारण ६५०० प्रति सेंटीमीटर (ऊर्जेचं एकक) वर असते. बोरेटचा फोनॉन (काचेतल्या कंपनाचा ऊर्जापुंज) सुमारे १४०० चा, म्हणजे पाचेक फोनॉनमध्येच ऊर्जा उष्णता होऊन जाते. टेल्युराइट (टेल्युरियम ऑक्साइडच्या) काचेचा ७५० च्या आसपास, तिथे आठ-नऊ लागतात, म्हणून प्रकाश टिकतो.

डिटेक्टर मिळाला तर टेल्युराइटच कर. २० ग्रॅमच्या बॅचला टेल्युरियम ऑक्साइड १७.०२, झिंक ऑक्साइड २.३१, सोडियम कार्बोनेट ०.६८ आणि एर्बियम ऑक्साइड ०.२७ ग्रॅम. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तो या हिशेबात धरला आहे. ८०० ते ८५० अंशांवर वितळव, तापवलेल्या पितळी साच्यात ओत आणि लगेच ३०० अंशांच्या जरा खाली अॅनीलिंगला (काचेतला ताण घालवायला) ठेव. उशीर झाला की तुकडा तडकतो. पावडर आधी नीट वाळव. काचेत राहिलेला हायड्रॉक्सिल (पाण्याचा अंश) एर्बियमची ऊर्जा खातो आणि उत्सर्जनाचं आयुष्यमान (प्रकाश किती वेळ टिकतो ते) घटतं. उलट, जाड तुकडा आपलंच उत्सर्जन पुन्हा शोषतो आणि आयुष्यमान फुगलेलं दिसतं. म्हणून तेच मोजमाप पातळ तुकड्यावरही घे.

डिटेक्टर नसेल तर सरांना एर्बियमऐवजी युरोपियम सुचव. त्याला बोरेट चालते, कारण प्रकाश देणाऱ्या पातळीखालची दरी सुमारे १२००० प्रति सेंटीमीटरची आहे. ३९४ नॅनोमीटरला उत्तेजित करून ६१२ आणि ५९१ च्या शिखरांचं गुणोत्तर काढ. आयनभोवतीची रचना किती असममित आहे ते त्यातून कळतं. हे काम साध्या उपकरणावर पूर्ण होतं.

पीएच.डी.साठी कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आणि कोचीन विद्यापीठाचं फोटॉनिक्स केंद्र बघ. सीएसआयआर नेटचा (संशोधन शिष्यवृत्तीच्या पात्रता परीक्षेचा) अर्ज शेवटच्या वर्षातच भरता येतो. मुलाखतीत रेसिपीपेक्षा आयुष्यमान कसं मोजलं, हेच खोदून विचारतील. त्यामुळे क्षय-वक्राची (उत्तेजन थांबल्यावर प्रकाश कसा मंदावतो त्या आलेखाची) मूळ नोंद जपून ठेव.